बॉल नसलेली बाजू

परकार सरांच्या शेजारी बसून मॅच बघणं म्हणजे एक शिक्षा होती. मैदानावर काहीतरी घडायचं, सगळे ओरडत उठायचे, मीही उठायचो आणि हा माणूस भलतीकडेच मान वळवून शांतपणे म्हणायचा, "तो चार नंबर बघितलात? दोनदा कमरेवर हात ठेवला त्यानं. डावी मांडी धरलीय." गोल कुणी केला हे त्यांना माझ्याकडून कळायचं.

सौदीतल्या जुबैलच्या एका तांत्रिक कॉलेजात आम्ही दोघं शिकवत होतो. मी इन्स्ट्रुमेंटेशन, ते वर्कशॉप. मी नाशिकचा भामरे, ते दापोलीच्या खालच्या अंगाला खाडीकाठच्या एका गावातले इक्बाल परकार. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. मुलांसमोर मी त्यांना परकार सर म्हणायचो, बाहेर इक्बालभाई. ते मला दोन्हीकडे नुसतं 'भामरे' म्हणायचे, पण कायम अहो-जाहो करून.

उंच, किडकिडीत माणूस. शर्ट अंगात घातलाय असं न वाटता खुंटीला अडकवलाय असं वाटायचं. उन्हात ते कधी सरळ चालत नसत. भिंतींच्या, टाक्यांच्या, उभ्या बसच्या सावल्या धरत धरत जायचे, त्यामुळं पार्किंगपासून वर्कशॉपपर्यंतच्या दोन मिनिटांच्या वाटेला त्यांना पाच मिनिटं लागायची. त्यांच्या मुलांची शाळा संपल्यावर त्यांच्या पत्नी, जुबैदाभाभी, मुलांना घेऊन गावी गेल्या होत्या. तेव्हापासून तांदळाची भाकरी ते स्वतःच थापायचे. डब्यात भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. डबा उघडला की स्टाफरूममधले केरळचे मास्तर खिडकी उघडायचे आणि दोन मिनिटांनी हळूच एक तुकडा मागायचे.

त्यांची ती उलटीकडे बघायची सवय फक्त खेळापुरती नव्हती. एकदा कॅन्टीनमध्ये दोन मुलांची जुंपली. आम्ही चार-पाच शिक्षक सोडवायला धावलो. परकार सर मात्र दाराकडे गेले आणि तिथं निवांत उभ्या असलेल्या तिसऱ्याच मुलाचं मनगट धरलं. त्याच्या बाहीतून हातभर लांबीचा पाना निघाला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी नंतर विचारलं.

"सगळे भांडण बघत होते," ते म्हणाले. "हा आपल्याकडे कोण बघतंय ते बघत होता."

ही नजर अमेरिकेत तयार झाली होती. तरुणपणी ते तिकडं शिकायला गेले होते आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या ऑफिसात त्यांना व्हिडिओ कापायची नोकरी मिळाली होती. फुटबॉल म्हणजे तिकडचा, लांबट बॉलचा, हातानं फेकायचा आणि झेलायचा. मैदानाच्या कडेला लोखंडी मनोरा, त्यावर कॅमेरा, खाली बर्फ. चार हिवाळे त्यांनी ते फुटेज कापलं. "बॉल दाखवायला टीव्हीवाले होते," ते सांगायचे. "आमच्या कोचला बाकीचे सगळे हवे असायचे. बॉल नसलेल्या बाजूला कोण काय करतो ते. मी खेळ वरून शिकलो, भामरे. खाली उतरून बॉलला कधी हात लावला नाही."

त्यामुळं कॉलेजात वरून फतवा आला, की या वर्षीपासून मुलांचा फ्लॅग फुटबॉलचा संघ काढायचा आहे, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत असताना परकार सर जागेवरूनच म्हणाले, "मी बघतो."

हा त्याच खेळाचा सौम्य प्रकार. दोन्हीकडे पाच-पाच जण. कमरेला दोन्ही बाजूंना कापडी पट्ट्या लटकवलेल्या. अंगावर झेप घ्यायची नाही, पाडायचं नाही. बॉलवाल्याच्या कमरेची पट्टी ओढली की डाव थांबला. एक जण मागून फेकणार, बाकीचे पळत जाऊन झेलणार. झेलणारा तो रिसीव्हर. शेवटच्या रेषेपलीकडे झेलला की गुण.

नासिर त्यांना वर्कशॉपमध्ये सापडला. वरच्या माळ्यावरून कुणाच्या तरी हातून जड स्पॅनर निसटला. खाली एक मुलगा वाकून कानशीनं लोखंड घासत होता. नासिर त्याच्या पलीकडे उभा होता, गप्पा मारत. त्यानं बोलणं न थांबवता हात लांब केला, स्पॅनर हवेतच धरला, टेबलावर ठेवला आणि पुढचं वाक्य बोलला. परकार सर काचेच्या केबिनमधून बाहेर आले.

"फुटबॉल खेळतोस?"

"खेळतो की, सर."

"पायानं?"

"मग कशानं?"

"उद्यापासून हातानं."

नासिर येमेनी होता. बाप पाण्याचा टँकर चालवायचा. मुलगा सौदीतच जन्मलेला, पण राहायचा परवाना, इकामा, बापाच्या नावावर. कॉलेजात परदेशी मुलांना जागा अगदी मोजक्या, आणि नासिरची जागा पुढं खेळाच्या कोट्यात धरली गेली. संघात आहे तोवर जागा आहे, असा सरळ हिशोब. हसरा, लांब हातांचा, मिसरूड फुटलेला मुलगा. पळायला लागला की पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटायचं.

पहिल्या वर्षी तीन मॅचमध्येच सगळ्या प्रांताला तो माहीत झाला. चौथ्या मॅचपासून प्रत्येक संघ त्याच्यावर दोन माणसं लावायला लागला. आमची मुलं हिरमुसली. परकार सर मात्र खुशीत आले, कारण त्यांच्या मते खरा खेळ आता सुरू झाला होता.

स्टाफरूमच्या टेबलावर ते वर्कशॉपचे नट मांडून बसायचे. नऊ लोखंडी आणि एक पितळी. बॉल म्हणून जिऱ्याचं बिस्किट. पितळी नट म्हणजे नासिर.

"हा सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणायचे. "आता ह्याला लपवायचा कुठं?"

"बाकावर बसवा," मी म्हणायचो.

"हसू नका. तोही एक मार्ग आहे."

आणि मग पितळी नट टेबलभर फिरायचा. कडेला उभा राहणारा नासिर कधी मधोमध गर्दीत उभा राहायचा, जिथं दोन राखणदारांना एकमेकांचीच अडचण व्हायची. कधी फेकणाऱ्याच्या मागे, कुणाचं लक्ष जाणार नाही असा. कधी डाव सुरू होण्याच्या आधी तो संथपणे या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जायचा आणि त्याच्यामागे जाताना समोरचे दोघे एकमेकांवर आपटायचे. एका मॅचमध्ये त्यांनी नासिरला थकल्याचं सोंग करायला लावलं. गुडघ्यांवर हात, तोंड उघडं, मान खाली. राखणदार ढिला पडला आणि पुढच्या क्षणी नासिर शेवटच्या रेषेपलीकडे होता. त्या दिवशी मुलांनी परकार सरांना खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसूनही ते मैदानाच्या रिकाम्या बाजूकडेच बघत होते, हे मी पाहिलंय.

मॅचचं चित्रण माझ्याकडे होतं. स्टँडवर मोबाइल लावून मी कडेला उभा राहायचो. यावरून मला हमखास बोलणी बसायची. "भामरे, बॉलमागे का पळता? बॉल सगळ्यांनाच दिसतो. तुम्ही बाकीचे धरा." मी हो म्हणायचो, आणि बॉल सुटला की माझा हात त्याच्यामागे जायचाच.

नासिरच्या बापाला सगळे अबू नासिर म्हणायचे. तो मॅचला टँकर घेऊनच यायचा, कुंपणाबाहेर लावायचा आणि जाळीला बोटं अडकवून उभा राहायचा. खेळ त्याला कळत नव्हता. मुलगा पळायला लागला की टाचा उंच करायचा, थांबला की टाचा टेकवायचा. एका शुक्रवारी त्यानं आम्हा दोघांना घरी जेवायला नेलं. जुन्या गावातलं दोन खोल्यांचं घर. जमिनीवर मोठी परात, तिच्यात भात आणि मटण. अबू नासिर स्वतःच्या हातानं मऊ तुकडे काढून परकार सरांच्या बाजूला सारत होता.

"मी दिवसभर रस्त्यावर," तो म्हणाला. "त्याच्यावर तुमची नजर आहे, म्हणून मी निर्धास्त आहे."

परकार सर संकोचले. "मुलगा गुणी आहे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या वर्षीचा मोसम सुरू झाला तेव्हा परकार सरांची कल्पकता अशी काही फुलली की आम्ही थक्क झालो. पहिल्या वर्षीचा नासिर लपतछपत का होईना, पळायचा. आता तो जवळजवळ पळेनासा झाला. त्याला नुसतं एका जागी उभं करायचं. दोन माणसं त्याच्याभोवती अडकून पडायची आणि दुसऱ्या बाजूनं आमचे बाकीचे रिसीव्हर मोकळे सुटायचे. कधी तो चार पावलं जाऊन वळायचा, छोटा झेल घ्यायचा आणि स्वतःच पट्टी ओढू द्यायचा. गुडघ्यांवर हात ठेवून तो वाकायचा, तेव्हा समोरचे आता फसत नसत. ते दोघंही त्याच्याजवळच थांबायचे, सोंग आहे म्हणून. उपांत्य सामन्याआधीच्या दोन्ही मॅच आम्ही जिंकलो. अल-खोबारच्या एका कॉलेजचा अमेरिकन कोच मुद्दाम येऊन परकार सरांचा हात हातात घेऊन गेला. सर्वांत चांगल्या खेळाडूचा खेळायला वापर न करता जिंकायचं, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं म्हणे.

मीही चहा पिताना म्हटलं, "इक्बालभाई, या वर्षी कमालच केलीत."

"कमाल कसली," ते म्हणाले, आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

मला वाटलं, विनय.

उपांत्य सामना दम्मामजवळच्या एका मैदानावर होता. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाल्यावर सुरू झालेला. फेब्रुवारीतली छान हवा, उत्तरेचा वारा, त्यात थोडी बारीक वाळू. रियाधच्या एका मोठ्या विद्यापीठाची दोन माणसं मुलं निवडायला आली आहेत, अशी कुजबुज होती. अबू नासिर त्या दिवशी आला नव्हता. त्याची फेरी रास अल खैरकडे होती.

शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आम्ही मागे होतो. परकार सरांनी मुलांना गोळा केलं. मी स्टँडजवळून ऐकत होतो. बॉल उजवीकडच्या कोपऱ्यात जाणार होता. नासिरनं डावीकडे चालत जायचं आणि हात वर करून उभं राहायचं.

"चालत," परकार सर त्याला म्हणाले. "धावायचं नाही. समजलं का? चालत."

नासिरनं मान हलवली.

डाव सुरू झाला. नासिर डावीकडे चालत निघाला. पण त्या दोघांपैकी एकच त्याच्याबरोबर गेला, तोही रेंगाळत. इतके दिवस नुसता उभा राहणारा माणूस, त्याच्यावर दोघं कशाला, असं त्यांनी ठरवलं असावं. नासिरसमोर अख्खं मैदान मोकळं पडलं. वर्षभरात पहिल्यांदा.

तो धावला.

परकार सरांची किंकाळी मला ऐकू आली. "ला! नासिर, ला! ला!" नको, नको. मला तो डावपेचाचाच भाग वाटला. बॉल सुटला होता, उंच, उजवीकडे, आणि माझा मोबाइल त्याच्यामागे वळला होता. आमच्या मुलानं रेषेपलीकडे उडी मारून तो झेलला. सगळं मैदान त्या कोपऱ्याकडे धावलं. मुलं एकमेकांवर पडली, आम्ही शिक्षक टाळ्या पिटत होतो, कुणीतरी मला मिठी मारली.

एकटे परकार सर उलट दिशेला धावत होते. त्यांना पळताना मी प्रथमच पाहत होतो. लांब पाय वेडेवाकडे टाकत, एक चप्पल मागे सुटलेली. त्यांच्यापुढं डावीकडच्या कोपऱ्यात नासिर पालथा पडला होता. आमच्यातल्याच एका मुलानं तिकडं बघून हसत ओरडून सांगितलं, "उठ रे, संपला डाव! बास झालं सोंग!"

परकार सरांनी नासिरला उताणा केला आणि छाती दाबायला सुरुवात केली. तेव्हा मैदान हळूहळू गप्प झालं. अँब्युलन्स आली तोवर ते दाबतच होते. त्यांना बाजूला करायला दोघांना दंडाला धरून ओढावं लागलं. सूर्य बुडाल्यावरची मगरिबची अजान चालू असताना डॉक्टर हॉस्पिटलच्या दारात आला आणि त्यानं नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर दफन झालं. जन्मापासूनच हृदयात दोष असावा, असं हॉस्पिटलनं कळवलं होतं. अल्लाहची मर्जी, असं सगळे म्हणत होते आणि त्यात खरंतर काही चूक नव्हतं. आमच्या डीननी वर्षाच्या सुरुवातीचा तब्येतीचा फॉर्म काढून पाहिला. सगळ्या रकान्यांत 'ठीक' असं लिहिलेलं होतं. प्रकरण तिथं मिटणार होतं.

तिसऱ्या दिवशी परकार सर मला म्हणाले, "अबू नासिरकडे जायचंय. गाडी तुम्ही चालवा. माझे हात बरे नाहीत."

गाडीत बसल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. समोर बघत, एका सुरात, जणू वर्कशॉपमधल्या अपघाताचा अहवाल वाचत होते.

मोसमाच्या आधी नासिर त्यांच्या केबिनमध्ये आला होता. छातीत काहीतरी फडफडतं म्हणाला. जिन्यावर दोनदा डोळ्यांपुढं अंधार आला होता. परकार सर स्वतः त्याला एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरनं छाती तपासली, ईसीजी काढला, आणि दम्मामच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासणी लागेल म्हणून चिठ्ठी दिली. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर धावपळ नको, म्हणाला.

"मी त्याला विचारलं, भामरे. धावपळ नको म्हणजे किती नको? त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, अजिबात नको. अजिबात म्हणजे अजिबात."

"मग?"

"बाहेर आल्यावर नासिर माझा हात सोडेना. संघातून काढलं तर जागा जाईल, जागा गेली तर सगळंच जाईल. बाबांना सांगू नका, म्हणाला. तीन आठवडेच तर आहेत, सर. तेवढ्यात मोसम संपतोय. मी म्हटलं, ठीक आहे. पण तू धावणार नाहीस. धावायला लागणार नाही अशी जागा मी तुला शोधून देतो."

दोन्ही मॅच डोळ्यांपुढून जात होत्या. तो एका जागी उभा राहणारा नासिर. चार पावलांचा झेल. गुडघ्यांवरचे हात.

"आणि सापडत गेली," परकार सर म्हणाले. "रोज नवी जागा सापडत होती. खरं सांगू का? मजा येत होती मला. पोर आजारी आहे हे माहीत असून मजा येत होती. डॉक्टरनं त्याचे पाय काढून घेतले होते आणि त्याच्यावाचून मी जिंकून दाखवत होतो. तो अमेरिकन हात मिळवून गेला ना, त्या रात्री मी खूश होऊन झोपलो."

अबू नासिरच्या घरात, त्याच खोलीत, भिंतीला टेकून माणसं बसली होती. कडू कॉफीचे छोटे पेले फिरत होते. अबू नासिर उठून पुढं आला. त्यानं परकार सरांना मिठी मारली, दोन्ही गालांचं चुंबन घेतलं आणि आपल्या उजव्या हाताला बसवलं. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, "हे त्याचे सर. शेवटपर्यंत ह्यांचे हात त्याच्या छातीवर होते."

खोलीतली बहुतेक माणसं उठून गेली तेव्हा परकार सरांनी अबू नासिरला सांगितलं. हळू आवाजात, वीस वर्षांत कमावलेल्या आपल्या कामचलाऊ अरबीत. मला शब्द न् शब्द कळला नाही. 'डॉक्टर' कळलं, 'मला माहीत होतं' कळलं.

अबू नासिर ऐकत राहिला. एकदा त्यानं विचारलं, "किती दिवस?" परकार सरांनी सांगितलं. त्यानं आणखी विचारलं, तो घाबरला होता का. परकार सर म्हणाले, हो, थोडा. आतल्या खोलीतून बाईच्या खोकण्याचा आवाज येत होता. शेवटी अबू नासिर एक लांब वाक्य बोलला, अजिबात आवाज न चढवता, आणि उठून आत निघून गेला. आम्ही काही वेळ तसेच बसलो. तो परत बाहेर आला नाही.

गाडीत मी विचारलं, "काय म्हणाला?"

परकार सरांनी पट्टा लावायला तीन-चार वेळा खटपट केली. मग तो सोडून दिला.

"म्हणाला, हे मला का सांगितलंत? तीन दिवस माझा मुलगा अल्लाहनं नेलेला होता. आता तो तुम्ही नेलेला झाला. मी हे घेऊन कसा जगू ते नाही का आलं तुमच्या मनात?"

आम्ही समुद्राच्या रस्त्यानं परत आलो. कारखान्यांच्या चिमण्यांवर ज्वाला पेटल्या होत्या. परकार सरांच्या इमारतीखाली मी गाडी थांबवली, तरी ते उतरले नाहीत.

"बरोबर बोलला तो," ते म्हणाले. "तेसुद्धा मी माझ्यासाठीच केलं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी डीनकडे लेखी निवेदन दिलं. डीन जॉर्डनचे, सज्जन गृहस्थ. ते मला बाहेर नेऊन म्हणाले, "तुमच्या मित्राला विचारा, कुणी मागितलं होतं हे? आता मला ते पुढं पाठवावंच लागेल." पाठवलं. चौकशी लागली, संघ बंद झाला, परकार सरांची नोकरी गेली, पासपोर्ट अडकला. पोलिसांनी अबू नासिरला बोलावून विचारलं, तक्रार करायची आहे का. नाही म्हणाला. मग माफ केलं असं लिहून देता का. तेही नाही म्हणाला. दोन्ही कागदांना हात न लावता तो टँकर घेऊन कामाला निघून गेला. त्यामुळं फाईल कुठल्याच टेबलावर टिकेना आणि कुठल्याच टेबलावरून हलेना.

चौकशीचे ते तीन-चार महिने परकार सर आपल्या खोलीत होते. मी संध्याकाळी जायचो. भाकऱ्या थापणं बंद झालं होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलातली रोटी आणून ठेवायचो, तीही दुसऱ्या दिवशी तशीच असायची. जुबैदाभाभींचा फोन आला की म्हणायचे, "कागदाचं काम बाकी आहे गो, येतंय." भाभींना त्यांनी काय आणि किती सांगितलं होतं ते मला कधीच कळलं नाही. मी बाजारातल्या भावांबद्दल, कॉलेजातल्या भानगडींबद्दल बोलायचो. ते ऐकत नसत, पण मी थांबलो की म्हणायचे, "बोला, बोला."

एकदा त्यांनी त्या दिवसाचं चित्रण मागितलं. चौकशीवाल्यांना दिलेलं, तेच. मी नको म्हणत होतो, पण त्यांनी हात पुढं केला तो मागे घेतला नाही. मोबाइल भिंतीला टेकवून त्यांनी ते पाहिलं. मुलं उभी राहिली. डाव सुरू झाला. डाव्या कडेला नासिर चालत निघाला, एक पाऊल लांब पडलं, आणि तेवढ्यात माझा हात बॉलमागे वळला. निळं आकाश, बॉल, उजवा कोपरा, उडी, आरडाओरडा. लांबून, वाऱ्यात फाटलेली त्यांची स्वतःची हाक. नासिर पुन्हा चौकटीत आलाच नाही.

मला शरम वाटली. दोन वर्षं हा माणूस मला एकच गोष्ट शिकवत होता आणि मी ती शिकलो नव्हतो.

त्यांनी मोबाइल उलटा करून गादीवर ठेवला. "बरं झालं, भामरे," ते म्हणाले. "बरं झालं तुम्ही बॉलमागे गेलात."

शेवटी डॉक्टरांच्या एका मंडळानं लिहून दिलं, की दोष जन्मजात होता, आणि मुलगा घरी जिना चढतानाही जाऊ शकला असता. त्या कागदावर फाईल बंद झाली. परकार सरांना कायमचं परत जायचा शिक्का मिळाला. मी त्यांना ते मंडळाचं पत्र वाचून दाखवलं. "जाऊ शकला असता," ते पुन्हा म्हणाले, जणू एखादा शब्द नीट ऐकू आला नव्हता.

विमान दुपारचं होतं. सामान म्हणजे एक बॅग आणि एक खोका, दोरीनं बांधलेला. जून लागला होता. दहा वाजताच रस्ता पाण्यासारखा हलायला लागला होता. गावाबाहेर पडताना टँकर भरायचं स्टेशन लागतं. उंच पाइपांखाली टँकरची रांग असते आणि वाळूत कायम चिखल. तिथं आल्यावर ते म्हणाले, "जरा घ्या बाजूला."

अबू नासिरचा टँकर भरून झाला होता. तो वर चढून झाकण आवळत होता. परकार सर उतरले आणि चालत गेले. त्या दिवशी सावली त्यांनी शोधली नाही, तिथं नव्हतीही. टँकरपासून दहा-बारा पावलांवर, उघड्या उन्हात, चिखलाच्या कडेला जाऊन ते उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना लोंबते. अबू नासिरनं वरून पाहिलं. खाली उतरला, पाइप आकड्याला अडकवला, रबरी बूट आपटून चिखल झाडला, आणि वर केबिनमध्ये जाऊन बसला. इंजिन सुरू झालं.

टँकर मागे घ्यायचा होता आणि परकार सर नेमके त्याच्या मागे उभे होते. मागे घेतानाचा टूं टूं आवाज सुरू झाला, तरी ते जागचे हलले नाहीत. मी दार उघडून बाहेर पडलो, ओरडलो. आवाज थांबला. ब्रेक सुस्कारला. अबू नासिर पुन्हा खाली उतरला.

तो सावकाश चालत त्यांच्यापर्यंत गेला. दोघांमध्ये वीतभर अंतर होतं. परकार सर काहीतरी म्हणाले असतील किंवा नसतील, इंजिनाच्या आवाजात मला कळलं नाही. अबू नासिरनं त्यांच्या दंडाला धरलं, आजारी माणसाला धरतात तसं, आणि त्यांना आठ-दहा पावलं चालवत नेऊन रस्त्याच्या कडेच्या दगडाजवळ उभं केलं. हात काढला. मागे वळून एकदा अंतर पाहिलं, पुरेसं आहे ना म्हणून. मग केबिनमध्ये चढला, आरशात बघत टँकर बाहेर काढला आणि रास अल खैरच्या रस्त्याला लागला.

परकार सर त्या दगडाजवळ उभे होते, ठेवले होते तिथंच. मी जाऊन बोलावलं तेव्हा आले.